त्सखिनवाली, सकाळी नऊ

"लमारा दाविदोव्ना, आपल्याला दोन मिनिटं वेळ आहे का?" असं झारेमाने फोनवर विचारलं आणि तिबिलिसीच्या हवामान खात्यात बसलेल्या लमाराच्या हातातली पेन्सिल नकाशावर होती तिथेच थांबली. एक्केचाळीस वर्षांत झारेमाने तिला कधी आपण म्हटलं नव्हतं. गाढवे म्हटलं होतं, महामाये म्हटलं होतं, लढाई संपल्यावर तिसऱ्या दिवशी "आहेस का गं अजून?" असं विचारलं होतं. वडिलांच्या नावासकट पूर्ण नाव लमाराने तिच्या तोंडून फक्त लेनिनग्राडला, शिकत असताना ऐकलं होतं. झारेमा तेव्हा वसतिगृहातल्या पलंगावर उभी राहून परीक्षकांची नक्कल करायची. आत्ताच्या आवाजात नक्कल नव्हती. आवाजामागे एक मोठी, फारसं सामान नसलेली खोली होती, आणि त्या खोलीत आणखी कुणीतरी खुर्ची सरकवून बसत होतं.

"आहे," लमारा म्हणाली. "बोला."

"मी त्सखिनवालीच्या वेधशाळेतून बोलतेय. परवा सकाळी आपल्या तिबिलिसीच्या टीव्हीवर आमच्या गावाचं नऊचं तापमान उणे चार दाखवलं. आमच्या रेडिओने अधिक दोन सांगितलं होतं. इथे विचारताहेत की आपल्याला आमचा आकडा मिळतो कुठून."

"मिळत नाही. आम्ही तो काढतो. गोरीचं तापमान घ्यायचं, उंचीचा फरक वजा करायचा, वारा बघायचा. गणित आहे."

पलीकडे रिसीव्हरवर हात ठेवला गेला. हाताखालून येणारी कुजबुज लमाराने ऐकली. त्यातला एक शब्दही कळला नाही.

"रोज काढता?"

"रोज."

"गणितच असेल तर आदल्या संध्याकाळीही काढता येत असेल. नऊ वाजायची वाट बघायचं कारण नाही."

"येतं की."

"मग हे म्हणताहेत," झारेमा थांबली, "म्हणजे आम्हाला असं वाटतं, की आजपासून सहा दिवस आपण संध्याकाळच्या बातम्यांत दुसऱ्या दिवशीचा नऊचा आकडा सांगावा. आम्ही इथे पडताळून बघू. एखादा अंश इकडेतिकडे चालेल."

"आणि त्याहून जास्त चुकला तर?"

या वेळी हात ठेवला गेला नाही. एका पुरुषाचा आवाज आला, वयस्कर, जवळजवळ दिलगीर. "तर मग ते गणित नाही, बाई."

"मी रोज सव्वानऊला फोन करीन," झारेमा म्हणाली. "प्रकृतीला जपा." आणि फोन बंद झाला.

लमाराने पेन्सिल खाली ठेवली, मग उचलली, मग पुन्हा ठेवली. प्रकृतीला जपा. मोबाइलवर झारेमाचा शेवटचा निरोप परवाचा होता: आज वरचा एकशे शेहेचाळीस, गोळी घेतली. दोन वर्षं असेच निरोप येत होते, सकाळी नऊ आणि सव्वानऊच्या मध्ये, एका म्हाताऱ्या बाईने दुसऱ्या म्हाताऱ्या बाईला कळवलेला रक्तदाब. एकशे पन्नास म्हणजे शून्य अंश. एकशे शेहेचाळीस म्हणजे उणे चार. उन्हाळ्यात झारेमाचा रक्तदाब एकशे सत्तरच्या वर जायचा आणि तिची सून, जिला यातलं काही ठाऊक नव्हतं, फोनमधले निरोप वाचून घाबरून तिला डॉक्टरकडे ओढत न्यायची. डॉक्टर मोजायचे, एकशे वीस. "यंत्र बदला," डॉक्टर म्हणायचे. झारेमाने हे फोनवर हसून हसून सांगितलं होतं. लमाराने आता तो शेवटचा निरोप पुसला, मग त्याच्या आधीचा, मग त्याच्याही आधीचा, आणि पाच-सहा पुसल्यावर तिच्या लक्षात आलं की आपल्या फोनमधून पुसून काही उपयोग नाही, ते दुसऱ्या फोनमध्ये असणारच, त्या मोठ्या खोलीत, टेबलावर, त्या दिलगीर माणसाच्या समोर. त्याने अजून त्यांचा अर्थ लावला नसेल. लावला असता तर फोन आला नसता.

चूक तिची होती, आणि ती चूक या खात्यातल्या माणसाशिवाय कुणी केली नसती. लढायांत देशाच्या हातून गेलेल्या दोन शहरांची नावं रोजच्या यादीत असतात: सोखुमी आणि त्सखिनवाली. तिथे आपला माणूस नाही, आपलं यंत्र नाही, तिथे आपल्याला कुणी पाऊल ठेवू देत नाही. पण यादीत ती असायलाच हवीत, कारण ज्या दिवशी ती नसतील त्या दिवशी देशाने ती सोडली असं होईल. म्हणून दुसऱ्या पाळीचे लोक गोरीतून दीड वजा करून त्सखिनवाली लिहून मोकळे होत. शहर नकाशावर राहिलं पाहिजे एवढंच सगळ्यांना हवं होतं. ते गार आहे की गरम, हे कुणी विचारत नव्हतं. लमाराही झारेमाचा खरा आकडा कळला तरी तो जसाच्या तसा लिहीत नसे. दीड वजा करी, फार तर अर्धा अंश खऱ्याच्या बाजूला सरके. परवा मात्र गोरीत रात्रभर वारा होता आणि तापमान अधिक पाच. त्सखिनवालीचा खळगा निवांत होता. आकाश मोकळं, वरून डोंगराची थंडी उतरून साचलेली. तिला तो खळगा माहीत होता, त्यात ती जन्मली होती. हातात उणे चार होतं. नेहमीच्या हिशेबाने साडेतीन अंश लिहायचे, म्हणजे जवळजवळ आठ अंशांचं खोटं. तिची पेन्सिल वळली नाही. तिने उणे चार लिहिलं, दहाच्या बातम्यांत ते दाखवलं गेलं, आणि कुंपणापलीकडे, जिथे लोक पडदे ओढून तिबिलिसीचा टीव्ही बघतात, तिथे लोकांनी खिडकीबाहेर पाहिलं तर नळ गोठलेले. बाजारात म्हणे कुणीतरी म्हणालं, आपली थंडीसुद्धा तिबिलिसीलाच कळते. लोक हसले. गोरीच्या बाजारात सफरचंदं विकायला येणाऱ्या बाईने कचेरीतल्या त्सिआलाला हे सांगितलं होतं, आणि त्सिआलाने काल चहा देता देता लमाराला. लमाराही हसली होती.

झारेमाच्या गल्लीतल्या एका गवंड्याने दोन वर्षांपूर्वी पुलाचे खांब मोजले, कारण त्याला पुलाची डागडुजी करायची होती. हेरगिरी म्हणून त्याला आठ वर्षांची कैद झाली. झारेमा एकोणसाठ वर्षांची होती.

बेसिक आला तेव्हा अकरा वाजले होते. बेसिक खात्याचा प्रमुख, छत्तीस वर्षांचा, परदेशात शिकलेला. नाइलाज झाला तरच रागावणारा. लमाराने त्याला सगळं सांगितलं, रक्तदाब सोडून. तिने सांगितलं की त्या बाजूला वाटतंय आपण त्यांच्या वेधशाळेतून आकडे चोरतो, आणि सहा दिवस अंदाज चुकला तर तिथल्या निरीक्षक बाईवर येईल. बेसिक ऐकत होता आणि त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होतं की न सांगितलेलंही त्याला कळलंय आणि ते त्याला कळायला नको आहे.

"कल्बातोनो लमारा," तो म्हणाला. वयाने मोठ्या बाईला तो इतर कशानेही हाक मारत नसे. "सहा दिवस शहरच गाळू या. तांत्रिक कारण."

त्सिआला दारात उभी होती. पूर्वी ती तारयंत्रावर बसायची, आता फोन घ्यायची आणि चहा करायची. "गाळ की रे," ती म्हणाली. "मग आठ वाजून पाच मिनिटांनी टीव्हीवाले विचारतील सरकारने त्सखिनवाली कितीला विकली. त्यांचे फोन तू घे. मी घरी जाते."

"मग यंत्राने काढलेला आकडा द्या. तुमच्या नावावर यायला नको."

"कुठल्या यंत्राने?" लमाराने विचारलं.

टेबलावर दोन कागद होते. एक उत्तरेकडून, रशियनांकडून येणारा, जुन्या सवयीने, जुन्या करारानुसार. करार मोडला होता पण कागद येत होता. दुसरा पश्चिमेकडून, दोन वर्षांपूर्वी मदत म्हणून मिळालेल्या यंत्रातून. दोघांचंही त्सखिनवालीबद्दल मत होतं. उत्तरेचं म्हणणं उद्या सकाळी अधिक तीन, पश्चिमेचं म्हणणं उणे पाच. दोघांनी नकाशावर आखलेल्या हिशेबाच्या चौकटी इतक्या मोठ्या होत्या की तो खळगा एका चौकटीत मावून वर जागा उरत होती. त्यांच्या दृष्टीने तिथे खळगा नव्हताच. सपाट, सरासरी उंचीची जमीन होती, आणि तिच्यावरून त्यांचे वारे वाहत होते.

"आकडा मीच काढते," लमारा म्हणाली.

"चुकला तर?"

"चुकला तर तुझ्या नावावर येणार नाही."

"मी तसं नाही म्हणालो."

"तू तसंच म्हणालास, पोरा," त्सिआला दारातून म्हणाली, "पण ठीक आहे, तुला दोन लेकरं आहेत."

दुपार तिने नकाशावर काढली. अंदाज करायचा म्हणजे खरं तर आठवायचं असतं. आजच्यासारखा दिवस पूर्वी कधी होऊन गेला ते आठवायचं. तिला वेधशाळेचं मैदान आठवलं, तापमापकाची पांढरी झडपांची पेटी, तिच्या चार पायऱ्या, त्यातली तिसरी कुरकुरणारी. एक्क्याण्णवच्या जानेवारीपर्यंत ती आणि झारेमा आळीपाळीने त्या पायऱ्या चढल्या होत्या, दर तीन तासांनी, आणि त्याच मिनिटाला त्या अवाढव्य देशातली हजारो माणसं आपापल्या पायऱ्या चढत होती. सगळ्यांचे आकडे एका शहरात जायचे. तेव्हा ते लमाराला भव्य वाटायचं. झारेमाला नाही वाटायचं. "त्यांना आपला आकडा कशाला हवाय?" ती म्हणायची. "त्यांना हवंय आपण नऊ वाजता उठून उभं राहणं." पण आकडा तिच्याइतका काटेकोर कुणी घेत नसे. श्वास रोखायची, आधी दशांश वाचायची मग अंश, कारण माणसाच्या अंगाच्या उबेने पारा आधी दशांशात हलतो. नव्या मुलांना सांगायची, दारू प्या, उशिरा या, वाटेल ते करा, पण वहीत न पाहिलेला आकडा लिहू नका. तो एकदा लिहिला की खालचे सगळे आकडे खोटे होतात आणि ते कुठले हे कुणालाच कळत नाही. गावात जॉर्जियन आणि ओसेत लोकांत लढाई पेटली, आणि लमारा जॉर्जियन म्हणून त्या जानेवारीत एक बॅग घेऊन निघून आली. झारेमा ओसेत म्हणून राहिली. निरोप घेताना दोघींनी काही विशेष बोलल्याचं लमाराला आठवत नव्हतं. झारेमाला सहाचा वेध घ्यायचा होता, पारा वाचायचा होता, ती घड्याळ बघत होती.

आणि मग दोन वर्षांपूर्वीची ती ऑगस्टची रात्र. त्या रात्री गावावर पडले ते तोफगोळे लमाराच्या बाजूचे होते. त्यानंतरचे, गोरीवर पडलेले, उत्तरेचे. पाच दिवसांत सगळं संपलं आणि टीव्हीवर जगातले मोठे लोक एकमेकांना सांगू लागले की हे गाव कुणाचं आहे. तिसऱ्या दिवशी झारेमाचा फोन लागला. आहेस का गं अजून, आहे, आणि मग लगेच: "आठ तारखेचा नऊचा वेध लिहून घे. एकवीस. पेटी आडवी झाली होती, मी उभी केली आणि पारा स्थिर होईपर्यंत थांबले, म्हणून वीस मिनिटं उशिरा. उशिरा घेतला असंही लिही." लमाराने लिहिलं. गोळे कुणाचे होते हे दोघींपैकी कुणी बोललं नाही, आणि त्यानंतरच्या दोन वर्षांत बोलणं रक्तदाबावर आलं तेव्हाही ते राहूनच गेलं. कधी कधी लमाराला वाटायचं, तो रोजचा आकडा म्हणजे झारेमाने केलेली क्षमा आहे. कधी वाटायचं, ती फक्त शिस्त आहे. आज दुपारी पहिल्यांदा तिच्या मनात आलं की तो आणखीही काही होता, आणि आपल्याला ते ठाऊक होतं.

कारण त्या लढाईनंतर वेधशाळेशेजारच्या माळावर उत्तरेच्या सैन्याचा तळ उभा राहिला. लमाराने तो पाहिला नव्हता, झारेमाने कधी सांगितला नव्हता. लमाराला तो आकड्यांतून दिसला. पहिल्या हिवाळ्यात निवांत रात्रीनंतरच्या सकाळी एक अंशाने उबदार झाल्या. माळावर डांबर पडलं होतं, आणि बराकींना ऊब देणारे बॉयलर पेटत होते. दुसऱ्या हिवाळ्यात दोन अंश. म्हणजे बराकी वाढल्या. उन्हाळ्यात मैदानावरची दव पडायची वेळ सरकली. तिने हे सगळं एका आलेखावर मांडलं होतं, केवळ हिशेब बरोबर राहावा म्हणून. आणि सप्टेंबरमध्ये एक दाढीवाला सल्लागार आला होता, पश्चिमेच्या मदतीबरोबर येणाऱ्या माणसांपैकी. येताना बिस्किटांचा डबा घेऊन आला, खुर्चीवर बसण्याआधी परवानगी विचारली. त्याने तिच्या स्वतःच्या वहीतले जुने आकडे चाळले आणि म्हणाला, तुमचे त्सखिनवालीचे आकडे आमच्या उपग्रहाशी फार जुळतात, बाई, कसं जमतं? चाळीस वर्षांत तिला असं कुणी विचारलं नव्हतं. तिने आलेख काढून दाखवला. "इथे वर का जातंय?" त्याने विचारलं. "बॉयलर," लमारा म्हणाली आणि हसली. तोही हसला, त्याने वहीत काहीतरी टिपलं, आणि पुन्हा कधी आला नाही. बिस्किटं त्सिआलाने सगळ्यांना वाटली. तोच प्रश्न आज दुसऱ्या बाजूने आला होता, तितक्याच सौजन्याने: तुम्हाला कसं कळतं? दोन्हीकडच्या माणसांना तापमानाशी काही देणंघेणं नव्हतं. आणि तिलाच फक्त त्याच्याशी देणंघेणं होतं असंही आता छातीठोकपणे म्हणता येत नव्हतं.

पाच वाजता तिच्यापुढे एकच प्रश्न उरला. आजची रात्र निवांत जाणार, खळग्यात थंडी साचणार, जुन्या हिशेबाने सकाळी नऊला उणे तीन. पण बॉयलर पेटलेले असले तर उणे एक. दोन अंशांचा फरक, आणि मुभा एकाची. मधला, उणे दोन लिहिला तर दोन्हीकडून निभावलं असतं; तिने तो लिहिलाही, आणि मग खोडला. कारण निव्वळ निभावणारा आकडा सहा दिवस निभावत नाही, तो माणूस मूर्ख नव्हता. तिने मागच्या दोन वर्षांच्या वह्या काढल्या. दोन्ही वर्षी उडी एकाच दिवशी होती, पंधरा नोव्हेंबरच्या सकाळी. आज चौदा होती. मोठ्या सैन्यात थंडी तारखेनुसार पडते. परवा सैनिक उणे चारमध्ये कुडकुडत झोपले असतील, पण उद्या पहाटे, हवा कशीही असो, कुणीतरी कागदावर सही करील आणि बॉयलर पेटतील. तिने उणे एक लिहिलं आणि कागद टीव्हीकडे पाठवला. एका शत्रूच्या नियमितपणाच्या भरवशावर तिने आपली मैत्रीण पणाला लावली होती. घरी जाताना तिने पाव घेतला, आणि जिन्यात आल्यावर तिला आठवलं की पाव दुकानाच्या फळीवरच राहिला.

सव्वानऊला फोन वाजला. "उणे एक," झारेमा म्हणाली. "आपला अंदाज बरोबर आला."

"आभारी आहे," लमारा म्हणाली, आणि फोन ठेवून वहीतल्या पडताळ्याच्या रकान्यात उणे एक लिहिलं. त्सिआलाने चहात जॅम जरा जास्तच घातला. बेसिक दारातून डोकावून नुसती मान हलवून गेला. सोळाला तिने शून्य सांगितलं, शून्य आलं. नैऋत्येचा उबदार वारा सुरू झाला. सतराला तीन सांगितलं, तीन आलं. सव्वानऊचा तो फोन दीड मिनिटाचा असे. आवाज तोच, आपण तेच, मागची खोली तीच. अठराला तिने चार सांगितलं तेव्हा तिला स्वतःलाच पाचची शंका होती; ढग उशिरा आले तर पाच. ढग उशिरा आले, गोरीत सात झालं. "चार," झारेमा म्हणाली. "बरोबर." एकोणिसाला पाच सांगितलं, पाच.

"सगळे बरोबर येताहेत म्हणे," बेसिक म्हणाला. त्याचा आनंद खरा होता. "कल्बातोनो लमारा, यावर काहीतरी लिहायला हवं तुम्ही. ही पद्धत."

"एकदा तरी अंशभर चुकायला हवं होतं," लमारा म्हणाली.

"असं का म्हणता?"

"मी एवढी चांगली नाही."

तो नम्रपणा समजून हसला. लमारा खिडकीशी उभी राहिली. पाचपैकी पाच. ज्या खळग्याला ती वीस वर्षं दुरून पाहत होती तिथे, ज्या हवेत दोन्ही मोठी यंत्रं एकमेकांपासून आठ अंश लांब जात होती तिथे. अठराची चारची सकाळ तिला पटत नव्हती. गोरीत सात असताना त्या वाऱ्यात तिथे पाचाखाली जायला काही कारण नव्हतं. पण वारा अर्धा तास पडला असेल, पाऊस शिंतडला असेल. झारेमाने पाहिलं होतं, तिने नाही. झारेमाने पाहिलं असेल असं धरून चालायचं ही सवय इतकी जुनी होती, की तिच्याखाली हात घालून बघणं म्हणजे स्वतःच्या घराचा पाया उकरणं होतं. तिने तो विचार तिथेच ठेवला आणि शेवटच्या दिवसाचा नकाशा घेतला. उत्तरेकडून थंड हवेची भिंत येत होती. ती दुपारनंतर पोचेल असं उत्तरेचा कागद म्हणत होता आणि पश्चिमेचाही. कधी नव्हे ते दोघांचं एकमत झालं होतं, आणि ती इतकी दमली होती की तिने त्यांच्यावर विश्वास ठेवला. सकाळी नऊपर्यंत उबदार वारा टिकणार. तिने सहा लिहिलं.

वीस तारखेला सकाळी सातला तिला जाग आली ती खोलीतल्या वेगळ्या उजेडाने. पडदा बाजूला केला तर समोरच्या छपरांवर बर्फ होता, आणि अजून पडत होता, जाड, घाईत. भिंत सहा-सात तास आधीच येऊन गेली होती. ती कोट अंगात घालत जिना उतरली. बटणं चुकीच्या काजांत लागली होती ते तिला कचेरीत पोचल्यावर, त्सिआलाने ती सरळ केल्यावर कळलं. नऊला गोरीचा आकडा आला: उणे एक, बर्फ. त्सखिनवाली म्हणजे उणे दोन, उणे तीन, त्याहून वर शक्यच नाही. सहा आणि उणे तीन. नऊ अंश. बेसिक टेबलाशी येऊन उभा राहिला. त्याने गोरीचा कागद पाहिला, मग तिच्याकडे पाहिलं, मग खुर्ची ओढून तिच्या शेजारी बसला. एवढ्या वर्षांत तो तिच्या शेजारी पहिल्यांदाच बसला होता.

"चूक दोन्ही यंत्रांची आहे," तो हळूच म्हणाला. "आपण तसं सांगू शकतो. जगात सगळ्यांचाच अंदाज चुकला."

"कुणाला सांगणार?"

नऊ वाजून बारा मिनिटं झाली. लमाराने ठरवलं होतं की फोन आला की आपणच आधी बोलायचं, भिंत आधी आली, गणित बरोबर होतं पण माहिती उशिरा मिळाली, जो कुणी मागे बसलाय त्याने नीट ऐकावं म्हणून मोठ्याने बोलायचं. तिने वाक्यं मनात रशियनमध्ये जुळवली. मग झारेमाला त्या चार पायऱ्यांवर उभी पाहिली, बर्फात, श्वास रोखलेली, आणि वाक्यं विस्कटली. झारेमा उणे तीन वाचेल. ती उणे तीन सांगेल, कारण पेटी आडवी झाली तेव्हाही ती वीस मिनिटं थांबली होती. तिला दुसरं काही येतच नव्हतं. लमाराला अकस्मात तिचा राग आला, एक्केचाळीस वर्षांत कधी आला नव्हता असा. एकदा खोटं बोल, ती मनात म्हणाली. एकदाच. काय बिघडतं तुझं.

सव्वानऊला फोन वाजला.

"लमारा दाविदोव्ना," झारेमा म्हणाली. तिच्या मागे दार उघडल्याचा आवाज आला, आणि कुणीतरी आत येऊन जमिनीवर पाय आपटू लागलं, एकदा, दोनदा, बुटांवरचा बर्फ झटकण्यासाठी. ते थांबेपर्यंत झारेमा थांबली. "नऊचा वेध. अधिक सहा. आपला अंदाज बरोबर आला."

पलीकडे खुर्ची सरकली, आणि तो दिलगीर पुरुष कुणाला तरी म्हणाला, चहा ठेव, फार गारठलोय. बर्फ त्यालाही दिसत होता; प्रकरण बंद करायला त्याला वहीतला आकडा पुरत होता.

"आपण ऐकताय ना?" झारेमाने विचारलं.

"ऐकतेय. वहीत लिहिलं?"

"वहीत लिहिलं." आवाज तसाच, सपाट. "सहाही दिवसांचे लिहिले. इथे सगळ्यांचं समाधान झालंय. प्रकरण बंद करताहेत. मी आज घरी जाईन."

"घरी जा," लमारा म्हणाली. तिला आणखी विचारायचं होतं. पहिल्या दिवसाचा खरा होता का, बॉयलर पेटले होते का, अठराला चार होतं की पाच. निदान पहिला तरी. पण ते विचारायला आता कुठलीच भाषा उरली नव्हती, आणि विचारलं असतं तरी उत्तर ‘बरोबर आलं’ असंच मिळालं असतं.

"प्रकृतीला जपा," झारेमा म्हणाली.

"आपणही."

बेसिकने विचारलं, काय म्हणाल्या, आणि लमाराने सांगितलं, सुटली. त्याने मोठा श्वास सोडला, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि उठून गेला. त्सिआलाने डोळे पुसले. बाहेर बर्फ पडतच होता. लमाराने वही उघडली. डावीकडे तिचा अंदाज, उजवीकडे पडताळ्याचा रकाना, आणि त्यात पाच दिवसांचे पाच आकडे, तिच्याच हातचे, तिच्याच आकड्यांसारखे. झारेमाने लिहिलं होतं, म्हणजे तिला लिहावंच लागणार होतं. दोन वह्यांत दोन आकडे राहून चाललं नसतं, कधीतरी कुणीतरी दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं असतं. तिने अधिक सहा लिहिलं. शेरा या रकान्यात, जिथे आकाश कसं होतं ते लिहितात, तिने थोडा वेळ विचार केला आणि लिहिलं: निरभ्र.